दिशाचं रडणं

दमयंतीने भाताचं झाकण काढलं, तोंडावर आलेली वाफ पदराने झटकली आणि मीठ घ्यायला वळली, तेव्हा पाळण्यात तिची नात दिशा रडत होती. नुकतंच सुरू झालेलं रडणं ते नव्हतं. तोंड जांभळट पडलं होतं, जावळ कपाळाला चिकटलं होतं आणि प्रत्येक हुंदक्याला छाती अडखळत वर येत होती. दमयंतीचा हात आधी कमरेला गेला. कापडी पिशवीतला फोन गार होता. तो थरथरला नव्हता, त्याचा दिवा लागला नव्हता.

तिने पोरीला उचलून खांद्यावर टाकलं. पोरगी भिजली होती, दुपट्यावर ओकली होती. हे सगळं तिच्या पाठीमागे, चार हातांवर घडत होतं आणि ती निवांत तांदूळ शिजला का ते बोटाने चेपून बघत होती. ती पोरीसकट भिंतीला टेकून खाली बसली.

कानांनी तिला कधीच सोडलं होतं. मुलगा, प्रीतम, कॉलेजात असताना तिला टायफॉइड झाला, ताप उतरला तो ऐकू येणं घेऊनच. मशीन लावून पाहिलं, पण डोक्यात नुसती घरघर व्हायची. मग ती माणसांच्या ओठांकडे बघायला शिकली. एडवणला वाडीत तिचं काही अडत नव्हतं. नारळ खाली पडला तर दिसतो, गाय ओरडली नाही तरी तिची भूक कळते, आणि विश्राम, तिचा नवरा, बोलायच्या आधी तिच्या हाताला हात लावायचा.

सालवडला मात्र ती सूनबाईची रजा संपली म्हणून आली होती. प्रीतम तारापूरला एका केमिकल कंपनीत होता, भाग्यश्री औषधांच्या पॅकिंगमध्ये. दोघांच्या पाळ्या. पोरीला कोणाजवळ ठेवायचं हा प्रश्न निघाला तेव्हा भाग्यश्रीची आई मनोरहून आली होती. ती खोलीच्या पलीकडच्या टोकाला, लेकीच्या कानाशी लागून बोलत होती. माणसं हळू बोलली की दमयंतीला ऐकू जाणार नाही असं समजतात. ओठ मात्र तेच असतात.

"बहिऱ्या बाईच्या हाती पोर द्यायची?"

तेव्हा प्रीतमनेच फोनवरचं एक ॲप शोधून आणलं. चाहूल त्याचं नाव. कुकरची शिट्टी, दाराची बेल, कारखान्याचा भोंगा, पोराचं रडणं, काहीही वाजलं की फोन कमरेला थरथरायचा, त्याचा दिवा लखलखायचा आणि पडद्यावर ठळक अक्षरांत यायचं : बाळ रडत आहे. सगळ्यांच्या समोर परीक्षा झाली. दमयंती पाठ करून उभी राहिली, पोरीने सूर लावला, आणि ती वळली. पुन्हा पाठ केली, पुन्हा वळली. मनोरच्या विहीणबाईंनीच मग पोर तिच्या हातात दिली. त्या दिवसापासून घर तिच्यावर सोपवलं गेलं. म्हणजे तिच्यावर आणि फोनवर.

आता त्याच फोनवर एक हसरा निळा गोल दिसत होता. खाली लिहिलं होतं : नमस्कार. आता फक्त बोला. मी ऐकत आहे.

शेजारच्या मोनालीचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. दमयंती पोरीला घेऊन तिच्या दारात गेली आणि फोन पुढे केला. मोनालीने बरंच इकडेतिकडे दाबून पाहिलं.

"काकी, अपडेट झालंय. ते आवाज ओळखायचं काढून टाकलंय."

"कोणी काढलं?"

"कंपनीने. आता फोनला बोलून विचारायचं. मग तो बोलून सांगणार."

"मला कसा सांगणार?"

मोनालीला हसू आलं आणि लगेच ते गेलं. तिने फोन खाली ठेवला.

"प्रीतमदादाला दाखवा. त्याला जमेल कदाचित."

"त्याला नको सांगू," दमयंती म्हणाली. "कोणालाच नको. मी बघते काय ते."

आपण हे केवढ्याने बोललो ते तिला कळलं नाही, पण मोनालीने पटकन गॅलरीत इकडेतिकडे पाहिलं.

त्या दिवसापासून दमयंतीने पोरीकडे पाठ केली नाही.

पाळणा तिने स्वयंपाकाच्या ओट्याजवळ ओढून घेतला. फोडणी टाकताना एक डोळा कढईवर, एक पाळण्यावर. पाळण्याच्या दोरीला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं, म्हणजे पोरीने हातपाय झाडले की मनगटाला हिसका बसे. अंघोळीला जाताना पोरीला न्हाणीच्या उंबऱ्यात बसवायची, दार उघडं टाकायची आणि डोक्यावर पाणी घेताना डोळे उघडे ठेवायची. साबण डोळ्यांत जाई. तरी मिटत नसे. दुपारी पोरगी निजली की इतर बाया आडव्या होतात. ही पाळण्याला गुडघे टेकून बसायची आणि छाती वरखाली होते ना ते बघायची. कधी बघता बघता डोळा लागायचा आणि काळीज लक्कन हलून ती जागी व्हायची. काय झालं असेल तेवढ्यात, या धास्तीने पोरीच्या नाकाखाली बोट धरायची.

हळूहळू पोरगीही तिच्याकडे बघायला लागली. रांगता रांगता थांबायची, मान वळवायची, आजीचे डोळे आहेत का तपासायची. तिचा ओठ जरा वाकडा झाला की दमयंती हातातलं टाकून पोचायची. रडू फुटायची वेळच येऊ द्यायची नाही. दोघींचं असं एकमेकींना बघत राहणं संध्याकाळी भाग्यश्रीच्या कंपनीची बस नाक्यावर येईपर्यंत चालायचं. भाग्यश्री आत येऊन पोरीला घेई तेव्हा दमयंतीचे खांदे आपोआप खाली येत.

"त्रास दिला का हिने?" भाग्यश्री विचारायची. सासूशी बोलताना ती समोर येऊन, सावकाश बोलायची. तेवढं तिचं नेहमी असायचं.

"नाय. गुणी हाय."

"रात्रीची पण उठत नाय हल्ली. मला तर नवलच वाटतंय."

प्रीतम विचारायचा, "फोन नीट चालतोय ना?" आणि दमयंती मान हलवायची. खोटं बोलायला तोंड उघडावं लागत नाही हे तिला या वयात कळलं.

कारखान्याचा धोक्याचा भोंगा वाजला तो दुपारच्या पाळीला. दमयंतीला तो वाजल्याचं कळलं नाही. ती पोरीला मऊ भात भरवत होती. खिडकीतून नेहमीसारखाच उग्र वास आला. सालवडला वास नसेल तो दिवस कोणता. मग डोळ्यांना झोंबायला लागलं. कांदा तर चिरलेला नाही, असं वाटून तिने इकडेतिकडे पाहिलं. दिशा डोळे चोळत होती.

तिने दार उघडलं. गॅलरीत कोणी नव्हतं. मोनालीचं दार सताड उघडं होतं, गॅसवर दूध उतू जाऊन शेगडीभर पसरलं होतं. पलीकडच्या घरात टीव्हीवर बाई हातवारे करत होती, समोर ताटात अर्धी भाकरी. जिन्यात एकच चप्पल उलटी पडली होती. माणसांनी भरलेली चाळ कोणी उपडी करून झटकावी तशी रिकामी झाली होती आणि तिला पत्ता नव्हता.

क्षणभर तिला वाटलं, सगळे मेले. हा विचार येण्यासारखा नव्हता, पण आला.

दुधाखालचा गॅस तिने बंद केला. तो का बंद केला, आधी पोरीला का नाही उचललं, हे तिला नंतर बरेच दिवस कळलं नाही. मग घरात धावली, पंचा पाण्यात बुडवून पोरीच्या तोंडावर धरला. ओला पंचा पोरीला नको होता, ती मान झाडत होती. तिला छातीशी आवळून दमयंती जिना उतरली. खाली रस्ता दोन्ही बाजूंना जात होता. कुठल्या बाजूने वारा आहे? धूर कुठून येतो आहे? दूर नाक्याकडे माणसांचा पुंजका दिसत होता, त्यातला कोणी हात हलवत होता. ये म्हणतोय की येऊ नको म्हणतोय, ते ओठ दिसल्याशिवाय कसं कळणार? ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. पाठीमागून काही येत असलं तरी तिला कळणार नव्हतं. शेवटी ती पुंजक्याच्या दिशेने पळत सुटली, आणि पळताना सारखी पोरीचं तोंड बघत होती.

प्रीतमने मोटारसायकल आडवी घातली तेव्हा ती पडता पडता राहिली. त्याच्या अंगावर कामाचे कपडे होते, डोक्यावर हेल्मेट तसंच. त्याने पोरीला घेतलं, तिचे डोळे उघडून पाहिले, पाठीला कान लावला. मग आईकडे वळला.

"भोंगा कधीचा वाजतोय. लाईट नाय लागली?"

दमयंतीने कमरेची पिशवी काढून त्याच्या हातात दिली.

"नाय लागत. काढून टाकलंय ते."

"कधीपासून?"

ती त्याच्या ओठांकडे बघायचं सोडून खाली बघायला लागली. बहिऱ्या माणसाला न ऐकण्याची तेवढी एकच सोय असते.

वायूची गळती मोठी नव्हती. संध्याकाळपर्यंत माणसं घरी परतली, डोळे चोळत, एकमेकांना पाणी देत. मोनाली येऊन दमयंतीच्या हाताला धरून रडली. दार वाजवायचं सुचलं नाही म्हणाली, वाजवलं असतं तरी काय, हे दोघींनाही माहीत होतं. भाग्यश्रीला खाडा करून यावं लागलं होतं. ती ओरडली नाही. तिने पोरीला न्हाऊ घातलं, पावडर लावली, मांडीवर घेतलं आणि नवऱ्याशी बोलायला लागली. बोलताना तिने सासूकडे पाठ केली होती. इतक्या महिन्यांत असं पहिल्यांदा झालं. दमयंती तिच्या पाठीकडे, मानेवरच्या हलणाऱ्या वेणीकडे बघत राहिली.

प्रीतमने ॲपच्या कंपनीला कळवलं. बऱ्याच खटपटीनंतर मिथुन नावाच्या कोणीतरी पुण्याहून उत्तर लिहिलं. मुलगा सभ्य होता.

"सर, ती सोय वापरणारे फारच थोडे लोक होते. सांभाळणं कठीण जात होतं. काढण्याआधी आम्ही सगळ्यांचं मत घेतलं होतं."

"माझ्या आईला कोणी विचारलं नाय," प्रीतमने लिहिलं.

"ॲपमध्येच विचारलं होतं, सर. प्रश्न ऐकून बोलून उत्तर द्यायचं होतं. त्यांच्याकडून उत्तर आलं नसेल."

प्रीतमने फोन आईपुढे धरला. दमयंतीने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि फोन परत दिला.

"पोरगा बरा दिसतो," ती म्हणाली. "सर म्हणतो."

शेवटी मार्ग निघाला तो प्रीतमच्या कारखान्यातल्या कुंदनकडून. त्याने कुठून तरी जुनं चाहूल मिळवलं आणि एका जुन्या फोनात घालून दिलं. हा फोन कधी नेटला जोडायचा नाही, एवढंच बजावलं; जोडला की पुन्हा नवं येणार. प्रीतमने घरी येऊन बेल वाजवली. फोन थरथरला. भाग्यश्रीने कुकर लावला. दिवा लखलखला. पोरीची मात्र परीक्षा राहिली, कारण पोरगी रडायला तयार नव्हती, सगळ्यांकडे बघून हसत होती.

"मोठी झाली की," प्रीतम म्हणाला.

सकाळी भाग्यश्री कामावर गेली. जाताना समोर येऊन, सावकाश म्हणाली, "आई, काय बिघडलं तर मला सांगा. आधी मला."

दमयंतीने लुगड्याची पट्टी सोडून ठेवली. पाळणा जागेवर गेला. डोळे मिटून अंघोळ केली तेव्हा पाण्याची ऊब तिला किती दिवसांनी कळली. फोन कमरेला होता. बेल वाजली की सांगत होता, शिट्टी झाली की सांगत होता, रस्त्यावर कुत्री भांडली तर तेही. बाळ रडत आहे, एवढं मात्र त्याने एकदाही लिहिलं नाही. पोरगी शहाणी झाली, असं तिने प्रीतमच्या फोनवरून विश्रामला व्हिडिओवर सांगितलं. सांगताना मनात कुठेतरी टोचलं, आणि तिने मान वळवून पोरीला बघून घेतलं.

भाग्यश्रीच्या सुट्टीचा दिवस होता. ती जमिनीवर बसून गवार मोडत होती. दिशा तिच्या मागे, कपाटाच्या खालच्या खणाशी खेळत होती, इतकी जवळ की तिचा पाय आईच्या पदरावर होता. दमयंती खाटेवर कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी घालता घालता सवयीने तिने वर पाहिलं.

पोरीचं बोट खणात अडकलं होतं. तोंड पूर्ण उघडं, डोळे घट्ट, गालांवरून पाणी वाहत होतं, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. आणि भाग्यश्री गवार मोडत होती. मान खाली, ओठांवर कसलंसं गाणं.

दमयंतीच्या हातून कपडे पडले. ती झेपावली, खण ओढला, बोट मोकळं केलं. भाग्यश्री दचकून मागे सरकली.

"काय झालं?"

"बोट चेपलं. रडते हाय कधीची. तुला..."

तुला ऐकू नाय आलं, हे वाक्य तिच्या तोंडात अर्ध्यावर थांबलं.

भाग्यश्री पोरीकडे बघत होती. पोरीची छाती हुंदक्यांनी उडत होती, तोंड उघडत होतं, मिटत होतं, पुन्हा उघडत होतं. भाग्यश्रीने आपला कान तिच्या तोंडाशी नेला. मग वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं.

"आई, आवाज नाय येत."

दमयंतीने कमरेचा फोन चाचपला. "पुन्हा बिघडला?"

"फोनचा नाय." भाग्यश्रीचे ओठ नीट हलत नव्हते, तरी दमयंतीने वाचलं. "हिचा."

भाग्यश्रीच्या कुशीत असून पोरीने मान वळवली होती. ती आईला दाखवत नव्हती. ओलं, उघडं, न वाजणारं तोंड तिने आजीकडे धरलं होतं. आवाज करून आजी येत नाही, तोंड बघून येते. एवढं त्या जिवाने शिकून घेतलं होतं, आणि जे लागत नाही ते टाकून दिलं होतं.

बोईसरच्या डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले. दोन्ही चांगले आहेत म्हणाले. घरात बोला, गा, ओरडा, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भाग्यश्री कामावर गेली नाही. ती पोरीसमोर बसून राहिली. चहा निवला तरी उचलला नाही. दाराकडे कोणी आलं तरी मान वळवली नाही. पाठ केली तर काय होईल, ही धास्ती कशी असते ते दमयंतीला माहीत होतं. सुनेच्या ताठलेल्या मानेत ती तिला ओळखू आली. रात्री पोरगी उठत नाही असं ही किती कौतुकाने सांगायची, आणि अंधारात ती कितीदा अशीच आवाजाविना रडली असेल.

दमयंती जवळ जाऊन बसली. तिने पोरीला मांडीवर घेतलं, तिचा पंजा उचलून आपल्या गळ्यावर ठेवला आणि वरून आपल्या हाताने दाबून धरला. इतकी वर्षं ती जपून, दबक्या आवाजात बोलत आली होती. मोठ्याने बोललं की माणसांच्या कपाळाला आठ्या पडतात, हे तिने पाहिलं होतं. तिने छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं.

गळ्याखाली काहीतरी फाटल्यासारखं हललं. गॅलरीतून जाणारी मोनाली दारात येऊन थबकली. पोरगी टक लावून बघत होती. दमयंतीने पुन्हा श्वास घेतला, पुन्हा ओरडली, आणि आणखी एकदा. हाताखालची चिमुकली बोटं आखडली. पोरीचा ओठ वाकडा झाला, हनुवटी थरथरली, तोंड उघडलं.

दमयंतीने पोरीकडे बघणं सोडलं. ती सुनेकडे वळली.

भाग्यश्रीने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते. डोळे भरून वाहत होते.

"आला?" दमयंतीने विचारलं.

भाग्यश्री काहीतरी बोलत होती. बोटांच्या आड गाल हलत होते.

"हात काढ गं," दमयंती म्हणाली. "मला दिसत नाय."